गोळीचा उपास

१२ जुलै २०२५, शनिवार

वही उघडली तर शेवटची नोंद २६ मेची निघाली: टाकी धुवायला माणूस सांगणे. टाकी तशीच आहे. दीड महिना इथे एक अक्षर लिहिलं नाही, त्याची माफी मागायची तर या वहीचीच, कारण ती आहे हे दुसऱ्या कुणाला माहीत नाही. जे झालं त्याची तारीख मला माझ्या अक्षरात बघायची नव्हती.

तर लिहिते. २८ मे, बुधवार, सकाळी साडेसात. मच्छिंद्र ड्यूटीवर निघाला होता. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तो एकवीस वर्षं आहे. शर्टात डावा हात घातला, उजवा बाहीत गेलाच नाही. आपल्या मांडीवर कुणीतरी दुसऱ्याचा हात ठेवून गेलंय, असं तो त्या हाताकडे बघत राहिला. मग पलंगाच्या कडेवरून घसरून खाली बसला. तोंड डावीकडे ओढलं गेलं.

नगरला नेलं. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके अनियमित आहेत, तिथे रक्ताची गाठ झाली आणि ती वर जाऊन अडकली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. पाय थोडा परत आलाय. काठी आणि माणूस असलं की अंगणापर्यंत जातो. हात नाही. बोलण्यातला एकच शब्द उरला: "चला." चहा हवा असला तरी चला, नको असला तरी चला. माझा धाकटा दीर काकासाहेब त्याला म्हणतो, "दादा, एका शब्दात कारभार चालवतोस, पुढाऱ्यांचे क्लास घे." त्यावर मच्छिंद्र हसतो, अर्ध्या तोंडाने.

(बाहेर मी त्याला अहो म्हणते. इथे तो नेहमीच "तो" आहे. हे बदलायला नको.)

सकाळच्या जेवणाबरोबर तीन गोळ्या. पांढरी रक्तदाबाची, पिवळी ठोक्यांची, आणि विटकरी रंगाची बारीक, रक्त पातळ ठेवण्याची. डॉक्टर त्या विटकरी गोळीवर बोट ठेवून म्हणाले होते, ही कधीही चुकवायची नाही. कॉलेजला निघण्याआधी मी तिन्ही त्याच्या डाव्या तळहातावर ठेवते. तो नीट बघतो आणि स्वतः तोंडात टाकतो. भरवून घेत नाही.

मला भीती वाटते ती दिवसाढवळ्या. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटकडे बघताना फोन थरथरला की आकडा अर्धवट सोडून दाराबाहेर धावते. चहा देताना मी आधी त्याच्या ओठांचे कोपरे बघते, मग कप पुढे करते.

२४ जुलै, गुरुवार

व्यायाम शिकवणारे आठवड्यातून तीनदा येतात. ते चांगले आहेत, पण त्यांच्या तोंडी "पहिले सहा महिने महत्त्वाचे" हे वाक्य आहे आणि मी त्यातले दिवस मोजत बसते. दोन महिने गेले. बोटं मिटलेली ती मिटलेलीच.

स्टाफरूममध्ये एकीने राहुरीच्या डॉ. पंकजांचं नाव सांगितलं. त्या ॲक्युपंक्चर करतात. तिच्या वडिलांना असाच झटका आला होता, तिथे जाऊन हात डोक्यापर्यंत जायला लागला. मी दोन दिवस वाचलं. काही ठिकाणी फायदा दिसला म्हणतात, काही ठिकाणी खात्रीचा पुरावा नाही म्हणतात. विद्यार्थ्याने एवढ्यावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याचं जर्नल परत केलं असतं. नगरच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, करायचं असेल तर करा, पण व्यायाम आणि औषधं बंद करायची नाहीत.

सोमवारी जायचं ठरलं.

२८ जुलै, सोमवार

आज मी खोटं बोलले. ते कसं झालं ते तपशिलाने लिहायला हवं.

डॉ. पंकजा पस्तिशीच्या असतील. त्यांनी कसलंच मोठं आश्वासन दिलं नाही, म्हणूनच माझा विश्वास बसला. म्हणाल्या, मी चालवून दाखवते, बोलवून दाखवते असं सांगणार नाही. व्यायाम आणि औषधं पुढे, माझ्या सुया त्यांच्या मागून. मंगळवार, गुरुवार, शनिवार यायचं. मग त्यांनी एक फॉर्म दिला. साखर, दमा, फिट्स, आणि सातवा प्रश्न: रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का?

पेन तिथे थांबलं. काकासाहेबाच्या सासऱ्यांचा दात काढायचा होता तेव्हा अशाच गोळीमुळे पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. शेवटी गोळी थांबवून मग दात काढला. मला वाटलं, या पण म्हणतील, जमणार नाही. मच्छिंद्र शेजारी बसला होता, डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक सरळ करत. मी "नाही"वर खूण केली. खाली सही केली, राजेश्वरी, नेहमीसारखी स्वच्छ.

घरी आल्यावर उपाय सुचला. सुईच्या दिवशी ती एक गोळी द्यायची नाही. दात काढताना थांबवतात तशी. म्हणजे सुई टोचताना रक्त पातळ नसेल आणि मी लिहिलेलंही फारसं खोटं उरणार नाही. गोळी चुकवणं वेगळं, ठरवून एक दिवस थांबवणं वेगळं. हे वाक्य मी तीनदा वाचलं. बरोबर वाटतंय.

उद्याच सुरू करायचं होतं, पण उद्या नागपंचमी. सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) दारात आडव्या उभ्या राहिल्या. "नागपंचमीला आमी भाजी चिरत न्हाई, अन् तू त्याला टोचाया न्हेतीस?" गुरुवारपासून जायचं ठरलं. आत्यांचं माहेर शनी शिंगणापूरचं, त्यामुळे शनिवारचा प्रश्न अजून उभाच आहे.

३१ जुलै, गुरुवार

पहिला दिवस. सकाळी दोनच गोळ्या तळहातावर ठेवल्या. त्याने त्या घेतल्या आणि तळहात पुन्हा माझ्यापुढे धरला. मी त्यात माझा हात ठेवला. बावीस वर्षांत आत्यांसमोर त्याने कधी माझा हात धरला नव्हता. क्षणभर तसाच राहिला, मग हात काढून घेतला आणि म्हणाला, "चला." लाजला असेल.

सुया केसासारख्या. हातावर सहा, पायावर पाच, डोक्यावर चार. वीस मिनिटं तो डोळे मिटून पडला होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते, प्रत्येक सुईच्या मुळाशी रक्त येतंय का ते बघत होते. नाही आलं. परतताना गाडीत मला हसूच आलं. काकासाहेब म्हणाला, वहिनी, सुया दादाला टोचल्या, गुदगुल्या तुम्हाला का?

२ ऑगस्ट, शनिवार

शनिवारवरून आत्यांशी वाद. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, तर अंगात कसं घालायचं? मी सांगितलं, त्या पोलादाच्या आहेत, एकदाच वापरायच्या. त्या म्हणाल्या, पोलाद म्हंजी लोखंडाचंच शिकल्यालं पोर. शेवटी तडजोड म्हणून त्यांनी निघताना त्याच्या दोन्ही हातांना तिळाचं तेल चोपडलं. डॉ. पंकजांना ते स्पिरिटने पुसून काढायला दहा मिनिटं लागली. त्यांनी कापसाचा ढीग मला दिसेल असा ठेवला.

अंधश्रद्धेने माणसं मरतात, असं मी आत्यांना जरा जास्तच जोरात म्हणाले. नंतर वाईट वाटलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमेमुळे दवाखाना बंद. तिन्ही गोळ्या दिल्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अंगठा हलला.

आधी मला वाटलं चादर सरकली. पण डॉ. पंकजा म्हणाल्या, पुन्हा करा, आणि त्याने पुन्हा केलं. अंगठा आणि शेजारचं बोट, मोहरीएवढं. काकासाहेब बाहेर जाऊन नाक शिंकरून आला. मी कॉलेजात शिकवते की दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नाही. व्यायाम आहे, काळ आहे, त्याची स्वतःची जिद्द आहे. सुईचा वाटा किती, मला माहीत नाही. डॉ. पंकजांनाही माहीत नाही, तसं त्या म्हणाल्या. पण अंगठा हलला.

सकाळी मात्र तो कुरकुरतो. दर सुईच्या दिवशी तेच. दोन गोळ्या घेतल्या की तळहात पुढे, मी हात दिला की झटकतो आणि फळीकडे बघून "चला, चला" करतो. फळीवर औषधांचा डबा आहे आणि वर मारुतीचं कॅलेंडर. सुईची भीती वाटत असणार, म्हणून देवाकडे बघतो. पूर्वी देवाधर्माकडे त्याचं एवढं लक्ष नव्हतं. मी पाठीवरून हात फिरवते.

आज एकादशी. आत्या भगर निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सुईच्या दिशी ती तांबडी गोळी नसती का गं?" त्यांना अक्षर येत नाही, पण रंग पाठ आहेत. मी हो म्हणाले.

"म्हंजी गोळीचा उपास," त्या म्हणाल्या आणि मान डोलावली.

मी हसले आणि कॉलेजला गेले. डॉक्टरांनीच सांगितलं असेल असं त्या धरून चालल्यात. ते तसंच राहिलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

कोपराजवळ सुईच्या जागी निळा डाग पडलाय, रुपयाएवढा. डॉ. पंकजांनी तो बोटाने चाचपला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "रक्त पातळ करायचं काही चालू नाही ना?"

ही दुसरी संधी होती. मी नाही म्हणाले. पहिल्यांदा पेनाने, आज तोंडाने. एकदा म्हटलेल्या "नाही"ला "हो" करायचं तर मधले सगळे दिवस उलगडावे लागतात, आणि अंगठा हलायला लागलाय. त्यांनी थांबवलं तर? अंगठा पुन्हा गेला तर?

वाचणारं कुणी नाही तरी हे लिहिताना मी हाताने ओळ झाकते आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

उद्यापासून तीन दिवस नगरला प्रशिक्षण. साडेसहालाच निघावं लागेल, म्हणून गोळ्या आत्या देतील. तीन वाट्यांत काढून ठेवल्या: मंगळवार दोन, बुधवार तीन, गुरुवार दोन. आत्यांकडून म्हणून घेतलं. त्यांनी न चुकता म्हटलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

नगरचं हॉस्पिटल. नीट लिहिता येणार नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी काकासाहेबाचा फोन आला. सुया घेऊन घरी आले होते, जेवायला बसले, आणि त्याच्या डाव्या हातातून भाकरी पडली. डाव्या. चांगल्या. त्याने ती उचलायला हात नेला तर हात ताटाबाहेरच गेला.

मी नगरमध्येच होते, म्हणून आधी पोचले. फाटकापाशी उभी राहून येणारी प्रत्येक पांढरी गाडी बघत होते. पन्नास मिनिटं. त्याला आता कोणताच हात नाही, हे एकच वाक्य डोक्यात. गाडीतून उतरवताना त्याने मला बघितलं आणि तोंड उघडलं. "चला"ही आलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळचे सात

डावा हात बराचसा परत आलाय. कप धरता येतो, हलतो पण धरता येतो. "चला" पण आलंय. तपासणीत एक लहान नवी गाठ दिसली. यावेळी थोडक्यात निभावलं असं डॉक्टर म्हणाले.

कालचं आता लिहिते. भरती करून घेताना डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर चालू होत्या ना? मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाल्या. हात जोडून म्हणाल्या, "साहेब, एकादशीची म्याच काढून ठिवली. बुधवारची."

बुधवारी एकादशी होती. आत्यांनी वाटीतली विटकरी गोळी काढून देव्हाऱ्यात मारुतीपुढे ठेवली होती. सुईच्या दिवशी गोळीला उपास असतो, तर एकादशीला असणारच. मंगळवार माझा, बुधवार त्यांचा, गुरुवार पुन्हा माझा. तीन दिवस सलग.

काकासाहेब सगळ्यांदेखत आईवर ओरडला. म्हणाला, तुझ्या उपासतापासांनी दादाला खाल्लं. आज सकाळी तो शांतपणे म्हणाला ते जास्त वाईट होतं. उद्या तो आत्यांना बनपिंपरीला धाकट्या नणंदेकडे सोडणार आहे, दादा घरी आला तरी आई तिकडेच राहील. डॉ. पंकजांकडे जाऊन भांडायचंही त्याच्या मनात आहे. मी खिडकीशी उभी होते. बोलले नाही.

दुपारी डॉक्टर पुन्हा आले. रिपोर्ट बघत म्हणाले, "एक दिवस चुकला, ते सोडा. बाकी साडेतीन महिने नियमित गोळी चालू असताना गाठ झाली, म्हणजे ही गोळी यांना पुरत नाही असं धरावं लागेल. उद्यापासून बदलू, सोबत आणखी एक देऊ. रक्तस्रावाचा धोका वाढतो, पण इलाज नाही."

मी मान हलवली. हो म्हणून. मान माझीच होती.

चार वाजता डॉ. पंकजांचा फोन आला. पेशंट कसा आहे विचारायला, काकासाहेबाने त्यांना काल कळवलं होतं म्हणे. त्या दिसत नव्हत्या म्हणून असेल, मी सगळं सांगितलं. सातवा प्रश्न, मंगळवार, गुरुवार, शनिवार.  

मग त्या म्हणाल्या, "मॅडम, मी बारीक सुई घेतली असती. कापूस दोन मिनिटं जास्त दाबून धरला असता. त्या प्रश्नाचं एवढंच काम होतं."

पुढे त्या म्हणाल्या, "मला सांगून उपयोग नाही. ज्यांच्या हातात औषध बदलायचं आहे त्यांना सांगा."

नर्सने आज त्याच्या डाव्या तळहातावर तीन गोळ्या ठेवल्या. त्याने त्या बऱ्याच वेळ बघितल्या, एकेक, मग माझ्याकडे बघितलं आणि घेतल्या. आज तळहात पुन्हा पुढे केला नाही. थकला असेल.

मघाशी बाहेर बाकावर आत्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. कालपासून त्यांनी चहाखेरीज काही घेतलेलं नाही. पदराचं टोक चोळत म्हणाल्या, "तू वाटीत नीट काढून ठिवलं हुतं. तुझ्या हातचं म्या मोडलं. मला माफ कर बाई." शहात्तर वर्षांची बाई माझ्या पायाकडे वाकायला लागली. मी त्यांना धरलं, वर बसवलं आणि म्हणाले, "आत्या, जेवून घ्या."

एवढंच म्हणाले. माझी भीती कशाची आहे ते आता स्पष्ट लिहिते. आधी वाटत होतं, तो जाईल याची. ती आहेच. पण दुपारी डॉक्टर पाठ वळवून गेले तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता, आणि त्यांनी ठरवलेलं औषध त्याच्या डोक्यात रक्तस्राव करू शकतं हे मला त्या क्षणी माहीत होतं. काकासाहेब मला काय म्हणेल, मच्छिंद्र माझ्याकडे कसा बघेल, माझी मुलगी ज्ञानेश्वरी पुण्याहून येईल तेव्हा तिला कोण सांगेल, याची भीती त्याच्या जिवापेक्षा मोठी निघाली. दुपारी निघाली. आता सात वाजता किती आहे, माहीत नाही.

या वहीवरून तारखा उतरवून काढल्या. ३१ जुलैपासून काल गुरुवारपर्यंत, राखी पौर्णिमा वगळून: एकवीस दिवस. पन्नास दिवसांतले एकवीस. अधिक आत्यांचा एक. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला नाही, ब्लाऊजमध्ये ठेवला आहे. पर्स विसरता येते.

उद्या: नऊच्या राउंडला, आत्या आणि काकासाहेब खोलीत असतानाच, डॉक्टरांना सांगणे की गोळी मी बंद केली होती.